पंचिंग बॅग आणली तर पोरगा अजून मारकुटा होईल का?

मागच्या पावसाळ्यात एक जोडपं आलं होतं माझ्याकडे समुपदेशनाला, नाशिकच्या सिडकोतलं. (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख लागू नये म्हणून थोडा तपशील बदललाय.) वडील अंबड एमआयडीसीत शिफ्टला, आई घरीच ब्लाउज शिवते, मुलगा दहावीत. त्याला आपण ओंकार म्हणू. दोघांचं रिक्षातच वाजलेलं असणार, कारण वडिलांनी आल्या आल्या खुर्ची जरा लांब ओढून घेतली आणि आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

झालं असं होतं की ओंकारने रागात कपाटाच्या दारावर बुक्की मारली, प्लायचं दार, आरपार भोक. हात सुजला, करंगळीच्या बाजूला. हाड मोडलं नव्हतं, पण एक्स-रे काढावा लागला. आईने त्या भोकावर कालनिर्णय टांगलं, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. आणि वडिलांनी त्याच रात्री मोबाईलवर पंचिंग बॅगचा कॉम्बो ऑर्डर केला, त्यात बॅग, ग्लोव्हज, हेडगार्ड, माऊथगार्ड, साखळी सगळं होतं. आईचं म्हणणं, "मॅडम, आत्ता दार फोडलंय, ह्याला मारायला शिकवलं तर उद्या कुणाचं डोकं फोडेल." वडिलांचं म्हणणं, "अहो कुकरची शिट्टी झाली पाहिजे की नाही? राग बाहेर निघाला की पोरगं शांत होतं."

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, कधी मुलगा असतो कधी मुलगी, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी माझीच एक चूक सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी मीसुद्धा असाच सल्ला दिला होता एका घराला, आणा बॅग, मारू दे, मोकळा होईल. त्यांनी आणली, मुलाने उघड्या हाताने बदाबदा मारली, मनगट मुरगळलं, आणि राग म्हणाल तर होता तिथेच, उलट आता तो चिडला की थेट बॅगकडे जायचा आणि तासभर तेच तेच डोक्यात घोळवत मारत बसायचा. मग मी जरा वाचायला लागले. अमेरिकेत ब्रॅड बुशमन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2002 साली 600 कॉलेजच्या पोरापोरींवर एक प्रयोग केला. आधी त्यांना मुद्दाम चिडवलं. मग काहींना सांगितलं, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत बॅगला मारा. काहींना सांगितलं, व्यायाम म्हणून मारा. आणि काहींना नुसतं शांत बसवून ठेवलं. तर सगळ्यात जास्त चिडलेले कोण राहिले, तर त्या माणसाचा विचार करत मारणारे. सगळ्यात कमी, नुसते बसलेले. 2024 मध्ये त्यांनी आणि एका सहकारी संशोधिकेने मिळून 154 अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यातही तेच निघालं, की श्वास सावकाश घेणं, अंग सैल सोडणं, थोडा वेळ बाजूला होणं अशा शरीर थंड करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, छाती धडधडवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही.

हे ओंकारच्या वडिलांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला, कॉम्बो डिलिव्हरीला निघालेला होता. मी म्हटलं दादा, शिट्टी होऊ दे हो, पण खाली गॅस मोठाच ठेवलाय तर दिवसभर शिट्ट्याच होत राहतील ना. त्यावर ताई पहिल्यांदा हसल्या, आपण जिंकलो असं त्यांना वाटलं बहुतेक. पण तसंही नव्हतं. बॉक्सिंग शिकून पोरं मारकुटी होतात हे मला तरी माझ्याकडे आलेल्या पोरांत दिसलेलं नाही. उलट नीट शिकवणाऱ्याकडे गेलं की पहिले काही आठवडे नुसते पाय कसे ठेवायचे तेच चालतं, पोरांना कंटाळा येतो. मेरी कोमने 2012 ला लंडनमध्ये मेडल आणलं तेव्हा ती दोन मुलांची आई होती, तिच्याबद्दल कुणी म्हणतं का मारकुटी बाई म्हणून?

ओंकारला मी एकट्याला भेटले तेव्हा तो फार काही बोलला नाही. हूं, हो, माहीत नाही. हाताचे टाके, सूज वगैरे विचारलं तर म्हणाला टाके नव्हते. मग मी विचारलं, तुला बॉक्सिंग शिकायचंय का राग काढायचाय? बराच वेळ खाली बघून म्हणाला, "शिकायचंय. पण पप्पांनी ते माझा राग काढायला आणलंय." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

मग आम्ही चौघांनी बसून नियम ठरवले, खरं म्हणजे दोनच. चिडलेला असताना बॅगला हात लावायचा नाही, तेव्हा गच्चीवर जायचं, दहा मिनिटं, श्वास मोजत, आणि त्या दहा मिनिटांत त्याच्या मागे कुणी जायचं नाही (हा अर्धा नियम वडिलांसाठी होता, ते मागे मागे जाऊन समजावायचे). आणि बॅग मारायची ती ठरलेल्या वेळेला, संध्याकाळी साडेसहाला, मूड असो नसो.

आता सामान. मी समुपदेशक आहे, स्पोर्ट्सचं दुकान नाही, पण त्या जुन्या मुलाचं मनगट मुरगळल्यापासून मी एका ओळखीच्या कोचना विचारून विचारून हे सगळं शिकून घेतलंय, एकदा स्वतः ग्लोव्हज घालून तीन मिनिटं मारूनही बघितलं, दीड मिनिटात जीव गेला माझा.

पहिली गोष्ट बॅग नाहीच. पहिली गोष्ट हाताला गुंडाळायची पट्टी, रॅप म्हणतात. 180 इंचाची म्हणजे साडेचार मीटर, लहान हात असेल तर 120 इंची चालते. अंगठ्यात फास अडकवायचा, मग मनगट, मग बोटांच्या गाठी. बोटं निळी पडतील इतकी आवळायची नाही. ग्लोव्हज घातले की रॅप कशाला असं सगळ्या पोरांना वाटतं, पण ग्लोव्हज गादी देतात आणि मनगट व हातातली बारीक हाडं बांधून धरायचं काम रॅप करतो. ओंकारचा हात करंगळीच्या बाजूला सुजला कारण न शिकलेला माणूस बुक्की वाकडी मारतो आणि सगळा भार करंगळी-अनामिकेच्या मागच्या हाडावर येतो. डॉक्टर लोक त्या फ्रॅक्चरला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात, पण ते होतं जास्त करून भिंती आणि दारं फोडणाऱ्यांना. मारायचं ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनी, मनगट सरळ ठेवून.

मग ग्लोव्हज. ते औंसात मिळतात, एक औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम. ओंकारचं वजन 52 किलो, कॉम्बोमधले ग्लोव्हज इतके पातळ की आतली बोटं बाहेरून मोजता येत होती. ते परत केले आणि 12 औंसाचे घेतले, म्हणजे एका हाताला जवळजवळ 340 ग्रॅम. पुढे कुणासमोर सराव करायचा झाला तर बहुतेक ठिकाणी 16 चे लागतात, तो प्रश्न नंतरचा. घरी एकटा मारणार तर वेल्क्रोचेच घ्यावेत, लेसवाले बांधायला दुसरं माणूस लागतं. आणि दुकानात जाऊन, रॅप गुंडाळून, मग घालून बघावेत. पैसे वाचवायचे असतील तर बॅगवर वाचवा, ग्लोव्हजवर नको. हेडगार्ड आणि माऊथगार्ड नुसत्या बॅगसाठी लागतच नाहीत, बॅग काही उलट मारत नाही.

बॅगचा साधा हिशोब असा की आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास वजन असावं, म्हणजे ओंकारला 25 किलो. फार हलकी घेतली तर पंख्यासारखी फिरते, फार जड घेतली तर मनगटं भरून येतात.

टांगायची कुठे यावर तर एक आख्खा सेशन गेला. वडील म्हणे पंख्याच्या हुकाला. नाही हो दादा, पंखा स्थिर लटकतो, बॅग झटके मारते, 25 किलोची बॅग हलायला लागली की हुकावर येणारा ताण 25 च्या कितीतरी वर जातो. पीओपीच्या सीलिंगचा तर विषयच नको. एकतर आरसीसी स्लॅबला किंवा बीमला जाड अँकर फास्टनर मारून घ्यावा, नाहीतर उभी राहणारी बॅग घ्यावी जिच्या बुडात वाळू किंवा पाणी भरतात, भाड्याच्या फ्लॅटला तीच बरी, फक्त ती मारता मारता सरकते आणि खालच्या मजल्यावरचे लोक दुसऱ्या दिवशी वर येतात. यांचं मात्र जुनं रो हाऊस, आणि हॉलमध्ये आजीच्या झोपाळ्याच्या कड्या तशाच होत्या, स्लॅब टाकतानाच सळईला अडकवून घातलेल्या. आजी गेल्यावर झोपाळा काढला, कड्या राहिल्या. मिस्त्रीला बोलावून गंज बघून घेतला, कड्या ठणठणीत. तिथेच टांगली, मध्ये एक फिरकी घातली म्हणजे साखळीला पीळ पडत नाही. भोवती तीन-चार फूट मोकळं ठेवलं, टीव्ही दुसऱ्या भिंतीला गेला. यावरून ताई दोन दिवस बोलत नव्हत्या, ते वेगळं.

आणि आता मला सगळ्यात आवडलेला भाग. बॅग आली ती रिकामी, नुसती पिशवी. बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं आणि मग ते वाळू भरतात. वाळू अजिबात भरू नका, ती खाली बसते आणि महिन्याभरात बॅगचं बूड दगड होतं, त्यावर एक बुक्की बसली की हात गेलाच. कपडे भरायचे, चेन-बटणं काढून, बारीक कापून, थोडे थोडे दाबत. आता ज्या घरात बाई ब्लाउज शिवते तिथे कात्रणांना काय तोटा, चार गोणी माळ्यावर पडून होत्या. तरी 25 किलो भरायचे म्हणजे खेळ नाही. तर मी सांगितलं की हे काम आई आणि ओंकारने करायचं, पप्पांनी नाही.

तीन संध्याकाळ लागल्या. ओंकार पिशवी धरून बसायचा, ताई जुन्या चादरी टराटरा फाडायच्या, मग मुसळाने ठेचून ठेचून थर बसवायचा. समोरासमोर खुर्चीवर बसवून "बोल, काय झालं" म्हटलं की या वयाची पोरं गप्प होतात, माझ्या केबिनमध्येही होतात, पण हात कशात तरी गुंतलेले असले आणि एकमेकांच्या डोळ्यात बघायचं नसलं की बोलतात. दुसऱ्या संध्याकाळी कात्रणं दाबता दाबता तो म्हणाला, "मम्मी, मला क्लासमध्ये खालच्या बॅचला टाकलंय. जूनपासून." दोन महिने पोरगा रोज नऊ किलोमीटर सायकल मारून त्या क्लासला जात होता आणि घरी येऊन सगळं ठीक म्हणत होता. ताई काहीच बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या ते हिरवं अस्तर दे इकडे. मला हे सांगताना त्यांना वाटत होतं की आपण काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, बरं झालं नाही बोललात.

क्लास बदलला. राग लगेच गेला असं काही नाही, मध्ये एकदा वडिलांशी जोरात वाजलं, पण तेव्हा तो गच्चीवर गेला, तिथे पाऊस होता म्हणून जिन्यात बसला. सकाळी गोल्फ क्लब मैदानाच्या बाजूला एका कोचकडे आठवड्यातून तीन दिवस जातो, घरी संध्याकाळी एक-एक मिनिटाचे राऊंड करायचा, आता दोन मिनिटांवर आलाय, खरा राऊंड तीन मिनिटांचा आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. ग्लोव्हजमध्ये रद्दी पेपर कोंबून पंख्याखाली वाळवावे लागतात, नाहीतर नाशिकच्या पावसाळ्यात असा वास सुटतो की विचारू नका, रॅप मात्र धुवायचेच.

एक सांगून ठेवते, मूल स्वतःला इजा करून घेत असेल, घरातल्या माणसांवर किंवा मुक्या जनावरांवर हात टाकत असेल, तर बॅग आणायची का नाही हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी कुणाला तरी दाखवा, जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, 14416, मराठीत बोलतात.

परवा ताईंचा फोन आला. मला वाटलं काही झालं की काय. तर म्हणे, "मॅडम, बॅग वरून पोकळ झालीये, सगळं खाली बसलंय, आता काय घालू?" कपडे बसतातच हो, म्हटलं, वरून अजून भरा, नाहीतर सगळं उपसून परत थर लावा. "परत तीन दिवस?" म्हणाल्या, पण आवाजात वैताग नव्हता. मी विचारलं कपाटाचं दार केलंत का नीट. नाही म्हणाल्या, नवीन वर्षाचं कालनिर्णय टांगलंय तिथेच, ओंकारनेच टांगलं.