आधी परवाना, मग गाळा: दारूच्या दुकानाचा विचार करणाऱ्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा मुलगा यंदा वाणिज्य शाखेची पदवी पूर्ण करतो आहे. नोकरी करायची नाही, दारूचं किरकोळ विक्रीचं दुकान टाकायचं, असं त्याने ठरवलं आहे. एक गाळाही बघून ठेवला आहे आणि घरातली साठवलेली रक्कम त्यात घालायची म्हणतो आहे. या धंद्यात नेमकं काय काय करावं लागतं, असं तुम्ही विचारता, आणि त्याच पत्रात पुढे लिहिता, ‘चांगल्या घरातल्या मुलाने हे करावं का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आधी एक निकडीची गोष्ट सांगतो: गाळ्याच्या करारावर अजून सही झाली नसेल, तर ती थांबवा.

कारण असं, की दारूचं दुकान काढायचं म्हणजे मुळात सरकारकडून एक हक्क मिळवायचा असतो. तो मिळेल की नाही, हे पैसा किंवा मेहनत यांवर पुरतं अवलंबून नसतं. कायदा देशागणिक, प्रांतागणिक बदलतो. स्वीडनमध्ये साडेतीन टक्क्यांहून जास्त मद्यार्क असलेली पेयं किरकोळीत विकायची मुभा, थोडे अपवाद सोडले तर, ‘सिस्टेमबोलागेट’ या सरकारी कंपनीलाच आहे. तिथे खाजगी माणसाने असं दुकान काढायचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठल्यावर बहुतेक राज्यांनी उत्पादक, घाऊक विक्रेता आणि दुकानदार अशी वेगवेगळी पायरी ठेवली, म्हणजे दुकानदाराने माल घ्यायचा तो घाऊकवाल्याकडूनच. भारतात हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो. बिहारने एप्रिल २०१६ मध्ये दारूबंदी केली आणि तिथला परवानाधारकांचा सगळा व्यवसाय संपला. त्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. धोरण बदललं, एवढंच. ही जोखीम या धंद्याच्या पोटातच आहे आणि तिच्यासाठी विमा मिळत नाही.

म्हणून मुलाने पहिलं काम करायचं ते परवाना देणाऱ्या खात्याचे नियम स्वतः वाचण्याचं. दलालाकडून ऐकायचे नाहीत, छापील वाचायचे. नवे परवाने दिले जातात का, की संख्या गोठवलेली आहे? गोठवली असेल, तर जुना परवाना हस्तांतरित करून घेण्याचीच वाट उरते, आणि अशा ठिकाणी परवान्याची किंमतच दुकानाच्या बाकी सगळ्या खर्चावर मात करते. परवाने लिलावाने मिळतात, सोडतीने की अर्जाने? मुदत किती, नूतनीकरणाची फी किती? फक्त बिअर आणि वाइनचा परवाना वेगळा आणि स्वस्त आहे का? परवाना माणसाच्या नावावर असतो की जागेच्या? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण भागीदारी मोडली किंवा घरमालकाने जागा सोडायला सांगितली, की सगळं त्यावरच येऊन ठेपतं.

मग जागा. शाळा, प्रार्थनास्थळं, कधी रुग्णालयं यांपासून ठरावीक अंतराची अट बऱ्याच ठिकाणी असते, आणि ते अंतर कसं मोजायचं हेही नियमातच लिहिलेलं असतं. सरळ रेषेत की चालायच्या वाटेने, यावरून अर्ज मंजूर किंवा नामंजूर होतात. पुष्कळ ठिकाणी अर्जाची जाहीर नोटीस लावावी लागते आणि शेजारीपाजारी हरकत घेऊ शकतात. अर्जदाराचं चारित्र्य आणि पैसा कुठून आला, हेही तपासलं जातं. या सगळ्याला महिने लागतात. करार आधी केला, तर तेवढे महिने रिकाम्या गाळ्याचं भाडं भरत बसावं लागतं, आणि अर्ज फेटाळला गेला तर ते पैसे गेलेच. करार करायचाच झाला, तर ‘परवाना मिळाल्यावरच भाडं सुरू होईल, न मिळाल्यास करार रद्द’ हे कलम वकिलाकडून घालून घ्या. घरमालक त्याला कबूल नसेल, तर दुसरी जागा बघावी.

आता पैसा. या दुकानात रोज गर्दी दिसते म्हणून नफा भरपूर असेल, असा समज असतो. गल्ल्यात येणाऱ्या रकमेतला मोठा भाग कराचा असतो आणि तो कर बहुधा माल विकत घेतानाच दुकानदाराच्या खिशातून गेलेला असतो. घाऊकवाल्याकडून उधारी फार थोडी मिळते, काही ठिकाणी तर कायद्यानेच मिळत नाही. कितीतरी ठिकाणी विक्रीची किंमत किंवा दुकानदाराचा वाटा सरकारच ठरवून देतं. समजा, शंभराच्या विक्रीत दहा उरतात. मग एक बाटली फुटली किंवा चोरीला गेली, तर नव्वद गेले, आणि ते भरून काढायला तशा नऊ बाटल्या विकाव्या लागतात. त्या दहातूनच भाडं, पगार, वीज आणि परवान्याची फी भागवायची. काही बँका या धंद्याला कर्ज देताना हात आखडता घेतात आणि जाहिरातीवर अनेक देशांत बंधनं आहेत. दुकान उघडल्यानंतरचं किमान वर्षभराचं खेळतं भांडवल वेगळं ठेवता येत नसेल, तर सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातली सगळी शिल्लक तर मुळीच घालू नये.

मालाचं ज्ञान हा मला या धंद्यातला सगळ्यात आवडणारा भाग. व्हिस्की, रमसारखं कडक मद्य बंद बाटलीत वर्षानुवर्षं टिकतं. बिअरला मात्र मुदत असते आणि उजेडानेही ती बिघडते, म्हणूनच तिच्या बाटल्या बहुतेक तपकिरी असतात. बुचाची वाइन आडवी आणि थंड जागी ठेवायची, साधारण १२ ते १४ अंशांवर. कडक मद्य उभं ठेवायचं, कारण ते बूच कुरतडतं. आणि चाळीस टक्के मद्यार्काच्या पेयाची वाफ साधारण २६ अंशांना ठिणगी लागताच पेटू शकते, त्यामुळे गोदामातली वायरिंग आणि आग विझवायची साधनं यांत काटकसर नको. नवा दुकानदार भारी, दिखाऊ बाटल्यांत पैसे अडकवतो आणि रोजचा खपाचा माल संपलेला असतो. काय फिरतं आणि काय पडून राहतं, हे वहीतून कळतं. वाणिज्य शिकलेल्या मुलाची खरी कमाई इथे आहे, कारण साठ्याची नोंद रोजच्या रोज जुळवणं ही कायद्याचीही अट असते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला नोंदीत फरक सापडला, तर ‘चुकून झालं’ हे उत्तर चालत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून बिनपावतीचा माल तर कधीच घ्यायचा नाही. बनावट दारूत मिथेनॉल असू शकतं. त्याने माणसं आंधळी होतात, मरतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. परवाना घेऊन, कायदा पाळून चालवलेलं दुकान हा सचोटीचा व्यवसाय होऊ शकतो, असं मी मानतो. पण आपण काय विकतो, हे मुलाला नीट माहीत हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ पासून मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या पदार्थांत, ठेवलं आहे. त्यामुळे या काउंटरवर नाही म्हणता येणं हे सगळ्यात मोठं कौशल्य ठरतं. वयाची अट बऱ्याच देशांत १८, जपानमध्ये २०, अमेरिकेत २१. शंका आली की ओळखपत्र मागायचं, मग समोर ओळखीचा मुलगा असो की मित्राचा धाकटा भाऊ. आधीच झिंगलेल्याला परत पाठवायचं, तेही भांडण न होऊ देता. काही देशांत तपासयंत्रणा मुद्दाम अल्पवयीन ग्राहक पाठवून परीक्षा घेते, आणि एका चुकीने परवाना जाऊ शकतो. जो मुलगा भिडेपोटी कोणाला नकार देऊ शकत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला स्वतःला दारूची सवय आहे, त्याने तर नाहीच. तुमच्या मुलाचा स्वभाव तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. त्याच्याशी याबद्दल मोकळेपणाने बोला. लोक काय म्हणतील, यावर आत्ताच रात्र जागवू नका.

माझी सूचना अशी. कायद्याने काम करायचं वय झालं असेल, तर त्याने आधी वर्षभर एखाद्या परवानाधारक दुकानात किंवा घाऊक विक्रेत्याकडे नोकरी करावी. सणासुदीची गर्दी, वर्षअखेरची साठामोजणी, नूतनीकरणाची धावपळ हे सगळं एका वर्षात बघायला मिळतं, दुसऱ्याच्या भांडवलावर. या क्षेत्राची गोडी लागली आणि दुकान मात्र नको वाटलं, तरी वाटा आहेत: वितरण कंपन्यांतली विक्री आणि हिशेब, हॉटेलांमधलं पेयव्यवस्थापन, आयात. लंडनमध्ये १९६९ साली सुरू झालेल्या वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टचे अभ्यासक्रम अनेक देशांत शिकवले जातात. नोकरी करता करता पहिल्या पातळ्या पुऱ्या करता येतात.

तोवर त्याला दोन कागद तयार करायला सांगा. एकावर परवान्याचे नियम त्याच्या शब्दांत, दुसऱ्यावर पहिल्या वर्षाचा महिनावार जमाखर्च, त्यात विक्री अपेक्षेच्या निम्मी धरून. ते घेऊन तुम्ही दोघं या. आपण आकड्यांवर बोलू.