घरच्या सामानात दाढी

ब्रश आणि पातं बदलायच्या रेझरनं दाढी सुरू करायची, तर त्यांचं स्टँड आत्ता घेऊच नका. फेस करायला स्टीलची खोलगट वाटी पुरते. घसरू नये म्हणून खाली ओला फडका. सोलापुरी टॉवेल गरम पाण्यात पिळून दोन मिनिटं गालांवर धरा, निम्मं काम तिथंच होतं.

ब्रश झटकून बदामाएवढं क्रीम घ्या, पाणी थेंबाथेंबानं. फेस दह्यासारखा दाटला पाहिजे. मोठे बुडबुडे म्हणजे पाणी जास्त झालं. बोअरच्या जड पाण्यात फेस धरत नाही, पिण्याचं वापरा.

नेहमीच्या चुका:
- रेझर दाबणं. त्याचं वजन पुरतं, पातं आणि गालातला कोन साधारण 30 अंश.
- पहिल्याच दिवशी उलटा हात. आधी केसांच्या दिशेनंच.

शेवटी ओल्या गालांवर तुरटी. पात्यात मात्र काटकसर नको. ओढायला लागलं की बदला.