अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलतात म्हणे, हा आयपीएलसारखा लिलाव असतो का?

तुमचा भाचा ओहायोत शिकतोय आणि त्याच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममधली निम्मी पोरं दुसऱ्या कॉलेजांतून आलेली आहेत, असं तो सांगतो. तर हा लिलाव आहे का आणि कॉलेजात असलं चालतंच कसं, असा तुमचा प्रश्न. मी ब्लूमिंग्टनला इंडियाना युनिव्हर्सिटीत एमएस केलं आणि पुढे नोकरीसाठी जवळच इंडियानापोलिसला राहिलो. त्यामुळे उत्तर इंडियानाच्या बाजूला झुकेल, चालवून घ्या. (आणि फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून लांबट चेंडूनं खेळतात तो. मेस्सीचा नव्हे.)

लिलाव अजिबात नाही. लिलावात आपल्याला कोण उचलणार हे खेळाडूच्या हातात नसतं. इथे शेवटचा शब्द त्याचाच. आपल्याकडे याच्या जवळचं काही असेल तर रणजीची एनओसी. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जैस्वालनं गोव्याकडून खेळायचं म्हणून मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे एनओसी मागितली आणि महिन्याभरात मन बदलून ती मागे घेऊ द्या म्हणाला, ते आठवत असेल. म्हणजे जायचं तर आधी सध्याच्या घरची परवानगी.

अमेरिकेत २०१८ पर्यंत असंच होतं, किंबहुना जास्तच कडक. तुमच्या कोचनं मोकळीक दिल्याशिवाय दुसऱ्या कॉलेजनं तुमच्याशी बोलायचं नाही. कोच ‘अमुक अमुक कॉलेजांत जायचं नाही’ असंही सांगू शकायचा. शिवाय बदललंच, तर नव्या ठिकाणी एक अख्खा हंगाम बाकावर. पोरगं एकोणीस-वीस वर्षांचं, खेळायला एकूण चार हंगाम, त्यातलं एक वर्ष असं जायचं. कोच मात्र हंगाम संपायच्या आत जास्त पगारावर दुसरीकडे जायला मोकळा! एक पळवाट होती: पदवी पूर्ण केलेल्याला हे बसून राहणं माफ. तुमच्या भाच्याला जो बरोचं नाव नक्की माहीत असेल. ओहायोतच वाढलेला, ओहायो स्टेटमध्ये राखीव क्वार्टरबॅक (चेंडू फेकून टीमचं आक्रमण चालवणारा). तीन वर्षांत पदवी उरकून २०१८ मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत (एलएसयू) गेला आणि २०१९ मध्ये टीम १५-० अशी अजिंक्य ठेवून हाइझमन ट्रॉफीही (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) घेऊन गेला.

१५ ऑक्टोबर २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. नाव भारदस्त, पण प्रत्यक्षात ती नावांची एक यादी आहे. खेळाडूनं आपल्या कॉलेजला लेखी कळवायचं, कॉलेजनं कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव यादीत टाकायचं, आणि नाव आलं की कुठल्याही कोचनं थेट फोन करावा. परवानगी गेली, नुसतं कळवणं राहिलं. मग २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदललं तर बसायची गरज उरली नाही आणि २०२४ पासून, अभ्यास ठीक असेल तर, कितीही वेळा बदला. त्याच सुमारास पैसाही आला. जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिराती करू लागले, आणि जुलै २०२५ पासून तर कॉलेजंच त्यांना उत्पन्नातला वाटा देऊ लागली. मर्यादा पहिल्या वर्षी कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ धरून. मोकळीक आणि पैसा वेगवेगळ्या दारांनी आत आले आणि आत येऊन त्यांचा बाजार झाला. भाच्याला जे दिसतंय ते हेच.

आता कोच लोक यात नेमकं काय करतात? शाळकरी मुलाची निवड म्हणजे अंदाज असतो. सतरा वर्षांचा मुलगा, उंची चांगली, पळतो छान, तीन वर्षांनी काय होईल देव जाणे. पोर्टलमधला मुलगा मोठ्या पोरांशी खेळून झालेला असतो, त्याचे सामने फिल्मवर असतात. म्हणून आता मोठ्या कॉलेजांत कोचच्या जोडीला जनरल मॅनेजर असतो आणि फिल्म बघणारी वेगळी माणसं असतात. मुदतही आता एकच: २०२६ मध्ये २ ते १६ जानेवारी. त्या दोन आठवड्यांत ही मंडळी झोपतात का, शंकाच आहे.

इंडियाना इथे येते. मी शिकत होतो तेव्हा आमच्याकडे बास्केटबॉल हा धर्म आणि फुटबॉल म्हणजे स्टेडियमबाहेर पार्किंगमध्ये बर्गर भाजायचं निमित्त. मध्यंतराला लोक बाहेर ग्रिलपाशी जायचे ते परत यायचेच नाहीत. २०२३ मध्ये टीम तीन जिंकली, नऊ हरली. त्या नोव्हेंबरच्या शेवटी कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीहून कोच म्हणून आले आणि पाठोपाठ तिथले तेरा खेळाडू. सगळे लहान मंचावरचे. त्यांतला डी'अँजेलो पाँड्स उंचीला जेमतेम पाच फूट नऊ इंच. शाळेतून निवडताना मोठी कॉलेजं अशा कॉर्नरबॅककडे (समोरच्यांचे पास अडवणारा बचावपटू) सहसा बघतही नाहीत. पण तो आधीच्या ठिकाणी काय खेळलाय हे सिग्नेटींनी रोज डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांचं धोरणच ते: पुढे काय करेल यापेक्षा आत्तापर्यंत काय केलंय ते बघायचं. जानेवारी २०२६ मध्ये ओरेगनविरुद्ध उपांत्य सामन्यात ओरेगनचा पहिलाच पास पाँड्सनं हवेत पकडला आणि पळत थेट टचडाउन (फुटबॉलमधला गोलच म्हणा). मी सोफ्यावरून उठलो तो बसलोच नाही.

क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाच्या बर्कलीहून आला. त्याचा धाकटा भाऊ आधीच इंडियानाच्या टीममध्ये होता. फर्नांडोनं हाइझमन मिळवली, इंडियानाच्या इतिहासातली पहिली. १९ जानेवारी २०२६ ला राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात मायामीला २७-२१ हरवलं, हंगाम १६-०. समोरचा क्वार्टरबॅक कार्सन बेकही जॉर्जियाहून बदलून आलेला. म्हणजे अंतिम सामन्यात दोन्हीकडचे म्होरके पोर्टलवाले.

यावरून ‘पोरं गोळा करा, जिंका’ असं समजू नका. कोलोरॅडोत कोच डिऑन सँडर्स यांनी २०२३ मध्ये जुनी टीम जवळजवळ झाडून काढली, अख्खी नवी आणली. गाजावाजा प्रचंड झाला, पण बारापैकी सामने चारच जिंकले. इंडियानाकडे एकमेकांबरोबर आणि त्याच कोचखाली खेळलेले तेरा जण आधीपासून होते, हा फरक मला मोठा वाटतो. पैसा इंडियानानंही ओतला, ते नाकारत नाही.

आणि ज्यांचं नाव टीव्हीवर येत नाही त्यांचं काय? आमच्या दोन घरं पलीकडचा मुलगा एका मध्यम कॉलेजात लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) होता, खेळायला मिळत नव्हतं. २०२४ च्या डिसेंबरात त्यानं पोर्टलमध्ये नाव टाकलं. एकदा नाव टाकलं की जुनं कॉलेज सत्राअखेर स्कॉलरशिप थांबवू शकतं, म्हणजे मागची फांदी सोडून उडी. त्याच्या आईनं फोन ओट्यावर चार्जरला लावून आवाज पूर्ण मोठा ठेवला होता. चौथ्या दिवशी आम्ही तिथे चहाला बसलो असताना फोन खणाणला. सगळे गप्प. औषधाच्या दुकानातून रेकॉर्ड केलेला निरोप होता, तुमचं औषध तयार आहे म्हणून. बाराव्या दिवशी एका लहान कॉलेजच्या कोचचा फोन आला. अर्धी स्कॉलरशिप. आधी मार्कशीट पाठव म्हणाले. त्यात अभ्यासाचे अकरा क्रेडिट त्यांनी धरलेच नाहीत, ते विषय परत.

गेला. २०२५ च्या हंगामात आठ सामने सुरुवातीपासून खेळला. आई दर शनिवारी पाच तास गाडी चालवून जायची. जानेवारी २०२६ मध्ये पोर्टल परत उघडलं तेव्हा तिनं विचारलं, आता मोठ्या ठिकाणी बघायचं का? तो म्हणाला, आणखी क्रेडिट कापून घ्यायचे नाहीत मला.