शंका-समाधान : ‘राग आला’ एवढ्याने भागत नाही

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लग्न, दत्तक, स्मशानभूमी असे विषय असतात. या दिवसांत माणसं स्वतःकडे वळतात. यंदाची निवडक पत्रं आत्मपरीक्षणाविषयीची आहेत. लिहिणाऱ्यांत कॅथलिकही आहेत आणि प्रॉटेस्टंटही, त्यामुळे रीत जिथे वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

जेवणं, भांडी, मुलांचा अभ्यास उरकून रात्री साडेदहाला मी प्रार्थनेला बसते. दिवस आठवायला घेते आणि पाच मिनिटांत पेंग येते. जागी राहिले तरी वर्षभर तेच तीन शब्द : राग, आळस, चहाड्या. पापनिवेदनातही (फादरांपुढे पापं कबूल करताना) तेच सांगून येते. याला आत्मपरीक्षण म्हणायचं का? – गृहिणी, वसई

पेंग येण्यात पाप शोधू नका. सकाळी पाचला उठलेल्या बाईला साडेदहाला झोप येणारच. वेळ बदला. संध्याकाळच्या चहानंतर, कुकर लावण्याआधी दहा-बारा मिनिटं पुरतात. खाटेवर नको, खुर्चीवर बसा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवस संध्याकाळी संपत नाही हे खरं, पण काल संध्याकाळपासून आज संध्याकाळपर्यंत असा दिवस धरला की काही सुटत नाही.

आता क्रम. येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या साधनापद्धतीला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. तिच्यात रोजच्या परीक्षणाचे पाच टप्पे आहेत. (गोव्यात राहून मराठीत जवळपास ११ हजार ओव्या रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच येशूसंघाचे, म्हणजे ही रीत आपल्याकडे काल-परवा आलेली नाही.) आधी देवाचे आभार. मग स्वतःचं पाप दिसावं म्हणून त्याच्याकडे प्रकाश मागायचा. मग उठल्यापासून तासातासाने दिवस चालून जायचा आणि आधी विचार, मग शब्द, मग कृती पाहायची. त्यानंतर क्षमा, शेवटी सुधारण्याचा निश्चय आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. बारा मिनिटांतली दोन आभाराला, सहा दिवस पाहण्याला आणि उरलेली बाकीच्याला, असं आम्ही सुचवू.

लोक पहिला टप्पा गाळतात, कारण तो शिष्टाचाराचा वाटतो. तिथेच पहिली गडबड होते. आभाराविना बसलेला माणूस थेट फिर्यादीच्या सुरात शिरतो, चार दिवसांत कंटाळतो आणि सोडून देतो. आभारही मोघम नकोत. ‘आरोग्याबद्दल आभार’ यापेक्षा ‘नळाला पाणी वेळेवर आलं, शेजारणीने मुलीला शाळेतून आणलं’ हे बरं. ज्याला मिळालेलं नेमकं आठवतं, त्याला बिघडवलेलंही नेमकं आठवतं.

आता तुमचे तीन शब्द. राग, आळस, चहाड्या ही कपाटावरची लेबलं झाली, कपाट अजून उघडलेलंच नाही. एका लेबलामागचा एकच प्रसंग घ्या आणि कोणाला, केव्हा, कोणत्या शब्दांत हे मनात पूर्ण वाक्यात म्हणा. उदाहरणार्थ : ‘सव्वासातला डबा भरताना सासूबाई म्हणाल्या भाजीत मीठ कमी आहे, मी त्यांना काही बोलले नाही, पण मुलीच्या पाठीत धपाटा घातला.’ आता दिसलं की तुमच्या हातून अन्याय सासूबाईंवर नाही, मुलीवर झाला आहे, आणि माफी तिची मागायची आहे. ‘राग आला’ एवढंच म्हटलं असतं तर मुलगी त्या वाक्यात कुठेच नव्हती.

मग एक पाऊल मागे जा : त्याच्या आधी काय झालं? पुष्कळदा उत्तर साधं निघतं. पोटात काही नव्हतं, किंवा आदल्या रात्री बारापर्यंत फोन पाहत होते. तेव्हा निश्चयही तितकाच साधा करा. ‘उद्यापासून रागावणार नाही’ हा निश्चय दुपारपर्यंतही टिकत नाही. ‘उद्या डबे भरण्याआधी चहाबरोबर दोन टोस्ट खाईन’ हा टिकतो.

एका शब्दावर मात्र पहारा ठेवा : ‘पण’. ‘मी बोलले, पण त्यांनीच आधी…’ इथे परीक्षण संपतं आणि वकिली सुरू होते. पापनिवेदनाला गेलेल्या माणसाने निम्मा वेळ नवऱ्याची नाहीतर जावेची पापं सांगावीत, हा प्रकार दुर्मीळ नाही. कुसळ आणि मुसळ हे शब्द आपण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात वाचतो आणि घरात म्हण म्हणूनही वापरतो. वापरताना मुसळ बहुधा दुसऱ्याच्याच डोळ्यातलं असतं.

आणि जे केलं नाही तेही पाहा. मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) सुरुवातीच्या कबुलीत विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर कर्तव्यात केलेली कसूरही आहे. ती सर्वात कमी आठवते, कारण न केलेल्या गोष्टीचा आवाज होत नाही. आईला आठवडाभर फोन केला नाही, हे तासातासाने दिवस चाळून सापडणार नाही. त्यासाठी माणसांची यादी मनात फिरवावी लागते.

माझं किराणा-भुसार दुकान आहे. दर रविवारी उपासनेला जातो. खरं सांगतो, परीक्षण करायला बसलो तर धंद्यातलं काही खटकतच नाही. सगळे करतात तेच मी करतो. – दुकानदार, अहिल्यानगर

खटकत नाही, कारण तुम्ही मनाला विचारता आणि मनाला सवय झालेली आहे. ‘मला गुप्त दोषांपासून मुक्त कर’ असं स्तोत्रकर्ता १९ व्या स्तोत्रात मागतो, ते अशाच जागेसाठी. मनाऐवजी दुकानाला विचारा.

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रणेते मार्टिन ल्यूथर यांच्या धर्मशिक्षणाच्या लहान प्रश्नोत्तरीत याची फार व्यवहारी वाट आहे. कोणती पापं कबूल करायची, या प्रश्नाला तिथे उत्तर येतं : दहा आज्ञांच्या उजेडात आपलं स्थान पाहा. तू बाप आहेस की आई, मुलगा की मुलगी, मालक की चाकर? आज्ञाभंग केलास, बेइमानी केलीस, आळस केलास, कुणाचं नुकसान केलंस? म्हणजे ‘मी कसा माणूस आहे’ हे न विचारता ‘या गल्ल्यावर बसून मी कोणाचं काय करतो’ हे विचारायचं.

तुमच्यापुरते प्रश्न असे होतील. वजनकाट्याची पडताळणी मुदतीत झाली आहे का? पिशवीचं किंवा डब्याचं वजन मालात धरलं जातं का? मुदत संपत आलेला माल पुढे मांडताना गिऱ्हाइकाला सांगता का? उधारीच्या वहीत रक्कम लिहिताना समोरचा वाचू शकतो का? दुकानातल्या पोऱ्याचा पगार ठरल्या तारखेला होतो का, आणि त्याची सुट्टी कापताना हिशेब त्याला दाखवता का? अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं बायबलमधला याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो. ‘सगळे करतात’ हे उत्तर यातल्या एकाही प्रश्नाला बसत नाही, बसवून पाहा.

चूक सापडली तर नुसतं वाईट वाटून घेऊ नका, परत करा. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोजमाप दिलं आहे : मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. पोऱ्याचे पाच हजार अडवले असतील तर सहा हजार. येशूला भेटलेला श्रीमंत जकातदार जक्कय त्याच्या पुढे गेला. त्याने चौपट परत करण्याचं आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं कबूल केलं. ज्यांचं नुकसान झालं ती गिऱ्हाइकं आता सापडत नसतील, तर अंदाजाने रक्कम काढून गरजूंना द्या, आणि ती आपल्या दानधर्मात मोजू नका. ती तुमची नव्हतीच.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याचा विधी) असतं. ‘अयोग्य प्रकारे’ खाऊ-पिऊ नये म्हणून मी सहा महिने जागेवरच बसून राहते. दुसरं असं, की तारण कृपेने आहे तर स्वतःला इतकं तपासायचं तरी कशाला? – विद्यार्थिनी, पुणे

ज्या अध्यायामुळे तुम्ही बसून राहता, तो पुन्हा वाचा. १ करिंथकरांस ११:२८ मध्ये पौल म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी, त्या प्याल्यातून प्यावे. परीक्षेनंतर ‘दूर राहावे’ असं तिथे नाही, खावे असं आहे.

शिवाय ‘अयोग्य’ काय होतं, हेही त्याच अध्यायात आहे. करिंथात खाऊनपिऊन सुखी असलेले लोक आधीच जेवून घेत. कोणी भुकेला राहायचा तर कोणी पिऊन धुंद व्हायचा. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं पौल सुनावतो, आणि उपाय सांगतो तो एकमेकांसाठी थांबण्याचा. म्हणून प्रभुभोजनाआधीचा पहिला प्रश्न असा : या बाकांवर बसलेल्यांपैकी कोणाला मी कमी लेखते, कोणाशी बोलणं टाकलं आहे? शनिवारी संध्याकाळी हे पाहा, म्हणजे एक फोन करायला वेळ राहतो. रविवारी घंटा झाल्यावर पाहाल तर हळहळण्यापलीकडे काही करता येणार नाही. समोरच्याने फोन उचललाच नाही तर? ‘तुमच्याकडून होईल तितके’ शांतीने राहा, असं रोमकरांस १२:१८ सांगतं. तुमचा वाटा झाला, या.

कृपेचं म्हणाल तर अशी तपासणी कृपा मिळवण्यासाठी नसते. ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही (रोम. ८:१), म्हणूनच झाकण उघडून आत पाहायचा धीर होतो. येशूने सांगितलेल्या परूशी आणि जकातदाराच्या दाखल्यात परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, तोही स्वतःकडेच पाहत होता की! उपास मोजले, दशमांश (देवाला दिलेला दहावा हिस्सा) मोजला. फक्त मापाला त्याने शेजारचा जकातदार घेतला.

माझ्या २३ वर्षांच्या मुलाला एकच पाप पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं. पापनिवेदन करून बाहेर आला की ‘नीट सांगितलं नाही’ म्हणून परत रांगेत. मनात घाण विचार येतात म्हणून ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) घेत नाही. रात्री दोन-दोन तास आठवत बसतो. आम्हाला आधी तो भाविक वाटला. – आई, मुंबई

बाई, याला भाविकपणा समजू नका, आणि ढोंगही समजू नका. चर्चच्या परंपरेत या अवस्थेला लॅटिनमधला खड्याचा शब्द आहे, ‘स्क्रुपुलस’ : चपलेत अडकलेला बारीक टोकदार खडा, पाऊल टाकलं की टोचणारा. स्पेनमधल्या मान्रेसा इथे १५२२ मध्ये इग्नेशियस स्वतः यात सापडले होते. सुटका व्हावी म्हणून त्यांनी आठवडाभर अन्नपाणी सोडलं, शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपास मोडायला लावला. मठात असताना ल्यूथरही तासन्‌तास पापं सांगत बसत.

वरच्या तिन्ही पत्रांना दिलेला सल्ला तुमच्या मुलासाठी उलटा आहे. त्याने कमी पाहावं. एकच फादर ठरवावेत आणि त्यांना सगळं एकदा सांगून त्यांचा शब्द पाळावा. सांगितलेलं पाप पुन्हा सांगायचं नाही. परीक्षण तीन मिनिटं, घड्याळ लावून. शंका असेल तर ती पाप नाही असंच धरायचं. हा नियम फक्त त्याच्यासारख्यांना, ढिल्या मनाच्या माणसाने उसना घेऊ नये. आणि मनात विचार येणं म्हणजे पाप नव्हे. कॅथलिक शिकवणीनुसार गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात : बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती. नको असताना घुसलेल्या विचाराला संमती कुठली?

घरच्यांनी करायचं ते अवघड आहे. तो ‘हे पाप आहे का गं?’ विचारतो आणि तुम्ही प्रत्येक वेळी ‘नाही रे’ म्हणत असाल. त्याने दहा मिनिटं बरं वाटतं आणि प्रश्न पुन्हा येतो. ‘ते फादरांनी सांगितलंय’ एवढंच म्हणा आणि विषय सोडा.

दोन तास आठवत बसणं, रांगेत परत जाणं हे मंत्रचळाचं, म्हणजे ओसीडीचंही लक्षण असू शकतं. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. औषधं आणि वर्तनोपचार दोन्ही आहेत. कुठे जावं कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फादरांकडे जाणं आणि डॉक्टरांकडे जाणं यांत एक निवडायचं नाही.

परीक्षणाची वही ठेवावी का? ती कुणाच्या हाती लागली तर? आणि नवरा-बायकोने एकमेकांचे दोष सांगावेत का? – निवृत्त शिक्षक, नाशिक

शेवटच्या प्रश्नाचं आधी. आपले स्वतःचे सांगावेत. समोरच्याचे त्याने विचारल्यावर, आणि एका वेळी एक.

वहीत मजकूर लिहू नका, खुणा करा. हीही इग्नेशियस यांचीच रीत. एकच दोष निवडायचा, समजा बोलताना दुसऱ्याला मध्येच तोडणं. सकाळी उठल्यावर तो आठवायचा. चूक झाली की तिथल्या तिथे हात छातीवर न्यायचा. इतरांना कळतही नाही. मग दुपारच्या जेवणानंतर एकदा आणि रात्रीच्या जेवणानंतर एकदा मोजायचं. कागदावर दर दिवसाच्या दोन रेघा : वरच्या रेघेवर दुपारपर्यंतचे ठिपके, खालच्या रेघेवर रात्रीपर्यंतचे. सात दिवसांच्या चौदा रेघा. खालची रेघ वरचीशी, आजचा दिवस कालच्याशी आणि हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. घाबरू नका, चुका तेवढ्याच होत्या, आता दिसायला लागल्या. उलट तिसऱ्याच दिवशी शून्य आलं तर दोष बदलू नका, मोजणी तपासा. दोन-तीन दोष एकदम घेतले की कुठला ठिपका कशाचा ते कळेनासं होतं आणि कागद बाजूला पडतो. कागद कुणाला सापडलाच तर त्याला ठिपक्यांपलीकडे काही वाचता येणार नाही. आठवड्यांची तुलना करायची म्हणून मागचा कागद हाताशी ठेवा, त्याच्या आधीचा रविवारी फाडून टाका.