बॅन्शीला हडळ म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की आयरिश लोककथा मराठीत आणताना बॅन्शी, डेथ कोच आणि फँटम फ्युनरल ह्यांना काय म्हणायचं, आणि बॅन्शीला हडळ चालेल का.

हडळ नको हो. हडळ माणसाला धरते, ही बिचारी कुणाच्या वाटेला जात नाही, घरातलं कोणी जायचं असलं की आधी रात्री घराजवळ येऊन रडते, बस. मूळ आयरिश शब्द बॅन शी, बॅन म्हणजे बाई आणि शी म्हणजे टेकडी, पण साधी टेकडी नाही तर आत न दिसणारे लोक राहतात ती. आयर्लंडात न्यूग्रेंजचं ५००० वर्षांपूर्वीचं थडगं आहे ना, त्याचंही आयरिश नाव शी अन व्रू. आणि बॅन्शी कुणाहीसाठी रडत नाही, आडनावाआधी ओ नाहीतर मॅक लावणारी जुनी घराणी लागतात! ओब्रायनांची तर नावानिशी आहे, ईव्हल, १०१४ च्या क्लॉन्टार्फच्या लढाईआधी तिने ब्रायन बोरू राजाला त्याचं मरण सांगितलं अशी कथा आहे. म्हणजे हडळीपेक्षा कुळाची कोणीतरी म्हातारी आत्याच म्हणा. मी तरी बॅन्शीच ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे ‘कुळासाठी रडणारी’ एवढं जोडून.

खरी गंमत डेथ कोचमध्ये आहे. आयरिशमध्ये ती कोश्टा बाउर, शब्दशः बहिरी गाडी. काळी घोडागाडी, बऱ्याचदा गाडीवानाला मुंडकंच नाही, आणि एकदा निघाली की रिकामी परत जात नाही. आता गाडी बहिरी कशी? तर बाउर म्हणजे बहिरा आणि दबक्या आवाजाचा पण, आपण मडकं बद्द वाजतं म्हणतो ना तसं. आणि हा बाउर, जुन्या आयरिशमधला बोदर, आपल्या संस्कृत बधिरचा सख्खा भाऊ आहे, त्याच बधिरचा मराठीत बहिरा झाला! त्यामुळे मृत्युरथ वगैरे पौराणिक सिरियलछाप शब्द कशाला, सरळ बहिरी गाडी लिहा, वाचणारा क्षणभर अडखळेल, अडखळू दे.

फँटम फ्युनरल म्हणजे रात्री रस्त्यात मयत दिसते, आणि मग काही दिवसांनी खरीखुरी मयत त्याच वाटेने जाते. इथे प्रेतयात्रा लिहिलं तर घोळ होईल, कारण आपल्याकडे प्रेत म्हणजे मढंही आणि भूतही, ‘भुतांची प्रेतयात्रा’ वाचून हसूच येईल. मी ‘आधी दिसलेली मयत’ असं लिहीन.