खच्ची न केलेले अल्पाका मेंढ्यांत सोडावेत का?

ताई, तुम्ही लिहिलंय की ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात तुमच्या 12 मेंढ्या आहेत, कोल्हे कोकरं पळवतात आणि राखणीला दोन तरणे अल्पाका (उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी) नर स्वस्तात मिळतायत, पण खच्ची केलेले नाहीत. घ्या खुशाल, फक्त तसेच मेंढ्यांत सोडू नका.

आपल्याकडे बोकड कळपातच फिरतो, त्यावरून अंदाज बांधाल तर फसाल. बोकडाचं काम क्षणात उरकतं. अल्पाकाची मादी पाय दुमडून खाली बसते आणि नर घोगरा आवाज काढत 20-20 मिनिटं तिच्यावर ठाण मांडतो. तिला ठरावीक माज नसतो, बीज मिलनानंतर सुटतं, त्यामुळे नरही बारमाही तयार. मादी नसली की तो मेंढीच्या मागे लागतो. ती बसेना, तर मान टाकून दाबून बसवतो. 60-70 किलोचं धूड ते! मेंढी लंगडी होते, गुदमरून मरूही शकते. गाभण असली तर गाभडण्याची भीती. पाठीवरची लोकर चिखलाने माखून चेपलेली दिसली, की कोल्ह्याला शिव्या घालण्याआधी राखणदाराकडे बघा.

शिवाय दोन-तीन वर्षांचे झाले की नरांना सुळे फुटतात, वर चार, खाली दोन. मागे वळलेले आणि चांगलेच धारदार. भांडणात एकमेकांचे कान नि वृषण फाडतात. डॉक्टर तारेच्या करवतीने सुळे कापून देतात, पण तेवढ्याने खोड जात नाही.

खच्ची साधारण दीड-दोन वर्षांचे झाल्यावर करा. फार लवकर केलं तर पायाची हाडं लांबत जातात आणि पुढे सांधे त्रास देतात. नंतरही एक-दोन महिने वेगळं ठेवा, अंगातली रग हळूहळू उतरते. माद्यांवर वापरलेला नर असेल तर खच्ची करूनही सवय राहू शकते, म्हणून विकणाऱ्याला आधी खोदून विचारा. आणि बाटलीवर एकटा वाढवलेला नर फुकट दिला तरी नको. तो माणसाला आपल्यातलाच समजतो आणि मोठेपणी अंगावर धावून येतो.

दोन घेताय ते बरोबर, अल्पाका एकटा झुरतो. त्याचा मोठा भाऊबंद लामा असता तर एकच घ्या म्हटलं असतं. दोन लामा आपसातच रमतात, कळपाकडे बघत नाहीत.

कोकरं व्हायच्या महिनाभर आधी कळपात सोडा, म्हणजे ओळख होईल. शेळ्यांसाठीचं खनिज मिश्रण मात्र तिथे ठेवू नका, त्यातलं जास्तीचं तांबं मेंढ्या आणि अल्पाका दोघांनाही बाधतं.