ताटाबाहेरचं

मार्च उजाडला की जळगावात ऊन तापायला लागतं, आणि माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य सारखं ऐकू येऊ लागतं : "मॅडम, काटा अडकला." नव्या वर्षाला धरलेला नेम दोन-तीन महिने पाळलेला असतो, वजन बऱ्यापैकी उतरलेलं असतं आणि अचानक ते जागचं हलेनासं होतं. या एका वाक्यापायी चांगली लागलेली सवय सोडून दिलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत, की आता त्यावर लिहायलाच हवं असं वाटलं. त्यासाठी एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई भुसावळच्या. वय 44, घर एकत्र, माणसं आठ. 82 किलोंवरून पाच महिन्यांत 74.5 वर आल्या आणि तिथेच सात आठवडे थांबल्या. पहाटे चालणं दुप्पट केलेलं. रात्रीची भाकरी बंद, तिच्या जागी दुधी भोपळ्याचं सूप. आल्या तेव्हा चेहरा ओढलेला होता.

"मी काही चोरून खाऊन नाही राहिली, मॅडम. देवाशप्पथ."

"ताई, तुमच्यावर कोणी आरोप केलाय?"

"घरातले हसून राहिले ना. म्हणतात, वजनाला चालणं पुरत नाही, तोंड बांधावं लागतं."

सगळ्यात आधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय मी या विषयावर पुढे बोलतच नाही. शरीराच्या दुखण्याला मनाचं नाव देणं ही आमच्या व्यवसायातली मोठी चूक ठरते. तपासण्या नीट आल्या, मग आम्ही बसलो.

काटा का थांबतो, हे आधी समजून घ्यायला हवं, म्हणजे अर्धी अपराधी भावना तिथेच गळून पडते. पहिल्या काही आठवड्यांत जे झरझर उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीराने साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत 3 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, साठा कमी झाला की तेही जातं. पुढची उतरण मुळात संथच असते. त्यात हलक्या झालेल्या शरीराला कमी इंधन लागतं. केव्हिन हॉल या अमेरिकी संशोधकाच्या गणिताप्रमाणे उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च साधारण 20 ते 30 कॅलरींनी घटतो, भूक मात्र किलोमागे 100 कॅलरींच्या आसपास वाढते. ताईंचे साडेसात किलो धरा. खर्च दीडशे ते सव्वादोनशे कॅलरींनी खाली गेला आणि भूक त्याच्या तिप्पट ते पाचपट वर चढली. ही भूक खरी असते. तिला 'जिभेचे चोचले' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. ते मलूल झाले, हालचाल टाळू लागले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. काही जण तर स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करू लागले. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे दुपारी मी मोबाईलवर रेसिप्या पाहते, ते त्याच्यामुळेच का?" त्याच्यामुळेच. शिवाय पहाटे दोन तास चालून आल्यावर त्या दिवसभर बसून असायच्या. पाणी भरणं, गच्चीवर चढणं सगळं सुनेकडे गेलं होतं. सकाळी कमावलेलं दुपारी तसंच परत जात होतं.

इतकं सांगूनही माझं समाधान होईना. त्यांनी खाण्याची वही आणली होती. अगदी प्रामाणिक, सुवाच्य अक्षरातली वही. त्या खोटं लिहीत नव्हत्या याची मला खात्री होती. मग माझं लक्ष गेलं : प्रत्येक नोंदीची सुरुवात 'ताटात' अशी होती. ताटात एक भाकरी, ताटात वाटीभर डाळ.

मी म्हटलं, "ताई, पुढचा आठवडाभर पानाच्या मधोमध एक रेघ मारा. डावीकडे ताटातलं लिहा, उजवीकडे ताटाबाहेरचं. कमी काही करू नका, फक्त लिहा."

दिवस एप्रिलचे. खान्देशात त्या दिवसांत बायका पाळीपाळीने एकमेकींकडे पापड लाटायला जातात. आठ दिवसांनी ताई वही घेऊन आल्या, टेबलावर ठेवली आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. उजवी बाजू भरून समासात गेली होती. पापडाच्या लाट्या, तेलात बुडवून. कुरडयांचा चीक. नातवाने टाकलेली अर्धी पोळी. भरीत चाखून पाहिलं. भाजताना मूठभर शेंगदाणे. उरलेली शेवभाजी, फेकवेना म्हणून.

मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, शेंगदाण्यांत 170 कॅलरी असतात आणि छोट्या चमचाभर तेलात 40 ते 45. पण त्या दिवशी मी आकड्यांचं काही बोलले नाही. एवढंच विचारलं, "हे आधी का नव्हतं वहीत?"

त्या म्हणाल्या, "ताटातलं ते माझं, मॅडम. ताटाबाहेरचं घराचं."

इतक्या वर्षांच्या कामात इतकं नेमकं वाक्य मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे. लग्न झाल्यापासून सगळ्यांत शेवटी जेवायचं, उरलेलं संपवायचं, आणि ते 'खाल्लं' असं कधी मोजायचंच नाही. ते खाणं नव्हतंच, ते काम होतं. माणसाचं वागणं त्याच्या मनातल्या व्याख्यांवर चालतं, असं मी मानते. व्याख्या सापडली की निग्रहाची लढाई निम्म्याने हलकी होते. इतरांना ती वही अपुरी वाटली असती. मला तिच्यात इतक्या वर्षांचा संसार दिसला, आणि तो दिसला याचा आनंद मी लपवणार नाही.

पुढचं काम सोपं होतं. बंदी कशावरच घातली नाही. लाट्या खायच्या तर तीन वाटीत घ्यायच्या, आपल्या म्हणून खायच्या. उरलेल्या भाकरीचा दुसऱ्या दिवशी कुस्करा करायचा, तोही सगळ्यांनी मिळून खायचा. रात्रीची भाकरी मी आग्रहाने परत आणली, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची), सोबत घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणि ताक. अर्धपोटी राहिलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्चून टाकतं. म्हणून आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने दिवसभरात 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं ठरवली. चालणं निम्म्यावर आणलं आणि आठवड्यातून तीन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून दंड, दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारख्या व्यायामासोबत दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. आमच्याकडच्या बायका हा दुसरा भाग हमखास सोडून देतात. वजन आठवड्यातून एकदाच बघायचं, आणि शिंप्याच्या टेपने कंबर मोजायची. मीठ, पाळी, जागरण यांनी काटा किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होतो, टेप इतकी फसत नाही.

पहिले तीन आठवडे काटा ढिम्म होता. कंबर मात्र 3 सेंटिमीटरने उतरली. चौथ्या आठवड्यात 73.8, जूनअखेर 72.

श्रावणात त्यांचा फोन आला. "मॅडम, काटा परत थांबला." मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "थांबा, वही काढली मी. उपवासाची खिचडी परतताना कढईतूनच दोन घास जाऊन राहिले. लिहिलं उजवीकडे."